पन्नास कप एकाच कपाटात कशाला? सजावटी कला आणि डिझाइनचे संग्रह कसे बघावेत

प्रश्न असा होता: चित्रांचं किंवा शिल्पांचं संग्रहालय समजतं. पण सजावटी कला आणि डिझाइनच्या संग्रहालयात गेलं की खुर्च्या, चमचे, कुलपं, कापडाचे तुकडे, रेडिओ, पोस्टर असं सगळं एका छताखाली भेटतं. एका कपाटात तर जवळपास सारखेच पन्नास कप. हे संग्रह कोणत्या हिशेबाने जमवतात, आणि या विषयातला नसलेल्या माणसाने ते बघायचे कसे?

मी बरीच वर्षं अशा संग्रहांच्या नोंदी आणि साठवण या कामात घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या पन्नास कपांपासूनच करू. चित्रांच्या दालनात प्रत्येक चित्राने स्वतःच्या बळावर उभं राहावं अशी अपेक्षा असते. इथे एकटा कप फारसं काही सांगत नाही. पन्नास शेजारी-शेजारी मांडले की एकाचा कान ओल्या मातीत दाबून बसवलेला दिसतो, दुसऱ्याचा साच्यातून कपासकटच निघालेला दिसतो. एकाच्या बुडाशी झिलई पुसून काढलेली असते, कारण तो भट्टीत त्या कडेवर उभा होता. दुसऱ्याच्या बुडाला तीन बारीक टोचे असतात, कारण तो टेकूंवर ठेवून भाजला होता. हे फरक ज्याला उपयोगी पडतात तो माणूस म्हणजे कप बनवणारा. ही संग्रहालयं मुळात त्याच्यासाठी निघाली. प्रेक्षक नंतर आले. संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या गोष्टीचं मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. यंत्रांच्या बळावर ब्रिटन पुढे होतं, पण मालाच्या घडणीत आणि नक्षीत फ्रान्स सरस आहे, ही तिथल्या जाणकारांची जुनी चिंता होती. प्रदर्शन संपल्यावर सरकारने ५,००० पौंड दिले आणि प्रदर्शनाचे एक संयोजक हेन्री कोल, ओवेन जोन्स, रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्यासारख्या मंडळींनी प्रदर्शनातल्याच वस्तू निवडून विकत घेतल्या. १८५२ मध्ये मार्लबरो हाउसमध्ये त्यांचं ‘कारखानदारी मालाचं संग्रहालय’ उघडलं. १८५७ मध्ये ते साउथ केन्सिंग्टनला गेलं आणि १८९९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे आजचं नाव मिळालं. पहिल्या खरेदीत ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनातल्या भारतीय वस्तू बऱ्याच होत्या. सपाट पृष्ठभागावर सपाट नक्षी कशी बसवावी हे भारतीय कापड विणणाऱ्यांना ठाऊक आहे आणि आपल्या गिरण्यांना नाही, असं निवड करणाऱ्यांचं स्पष्ट मत होतं. ज्यांनी त्या वस्तू बनवल्या त्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. या विषयाकडे मी पुढे येतो.

कोल यांनी मार्लबरो हाउसमध्येच आणखी एक दालन मांडलं होतं: वाईट डिझाइनचं. गालिच्यावर हुबेहूब उमललेली फुलं, फुलाच्या आकाराचे गॅसचे दिवे, असा माल ‘चुकीच्या तत्त्वांची उदाहरणं’ म्हणून ठेवला होता. उत्पादक संतापले आणि दालन लवकरच गुंडाळावं लागलं. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण संग्रह हे शिकवण्याचं साधन आहे हे इतक्या उघडपणे पुन्हा कुणी मांडलं नाही.

मग हे लोण पसरलं. व्हिएन्नात कला-इतिहासकार रुडॉल्फ फॉन आयटेलबर्गर यांच्या पुढाकाराने १८६४ मध्ये असंच संग्रहालय उघडलं, आणि थोड्याच वर्षांत त्याला जोडून शाळा निघाली. बर्लिन, बुडापेस्ट, हॅम्बर्ग, ऑस्लो, प्राग अशी रांग लागली. न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली सारा आणि एलिनोर ह्युइट या बहिणींनी पॅरिसचा आदर्श समोर ठेवून संग्रहालय काढलं. विद्यार्थ्यांनी आणि कारागिरांनी वस्तू अगदी जवळून अभ्यासाव्यात हाच त्यांचा उद्देश होता. फ्रान्समधल्या म्युलूझचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे कापडछपाईच्या कारखानदारांनी १८३०च्या दशकापासून छापील कापडाचे नमुने जमवले, १८५७ मध्ये त्याचं संग्रहालय झालं, आणि आजही कापडाच्या कंपन्यांचे डिझायनर जुने नमुने धुंडाळायला तिथे जातात.

वस्तूंची विभागणी साहित्यानुसार का करतात, याचंही उत्तर यातच आहे. माती, काच, धातू, लाकूड, कापड, कागद. जर्मन वास्तुकार गॉटफ्रीड सेम्पर त्या काळात लंडनमध्ये कोल यांच्या संस्थेत शिकवत होते. त्यांची मांडणी अशी की माणसाच्या घडणीच्या मूळ क्रिया मोजक्याच: विणणं, मातीला आकार देणं, दांड्या जोडून सांगाडा उभा करणं आणि चिरे रचणं. विणकराला दोन हजार वर्षांचं विणकाम एका जागी दिसलं पाहिजे, मधे चांदीची भांडी नकोत. आज हे रुक्ष वाटतं. एका घरातल्या वस्तू सहा विभागांत विखुरतात आणि त्या घरात कोण राहत होतं हे हरवून जातं. तरीही ज्याला काम शिकायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या वरच्या मजल्यावर सुमारे २६ हजार मातीच्या वस्तू काचेमागे दाटीवाटीने मांडल्या आहेत. पहिल्यांदा जाणारा गांगरतो. कुंभारकाम करणारा माणूस मात्र तिथून लवकर बाहेर पडत नाही.

आता कापडाच्या तुकड्यांबद्दल, कारण तुम्ही त्यांचा खास उल्लेख केला आहे. कापडविभागात अखंड वस्त्रांपेक्षा तुकडे कितीतरी जास्त असतात. काही तुकडे जमिनीतून मिळालेले असतात, काही झिजून उरलेले. पण बरेच तुकडे मुद्दाम कापलेले आहेत. जर्मनीतल्या आखेन शहरी फ्रान्झ बॉक नावाचे धर्मगुरू होते, जन्म १८२३, मृत्यू १८९९. मध्ययुगीन कापडांचे ते मोठे जाणकार. चर्चच्या भांडारांत पडलेली जुनी रेशमी वस्त्रं त्यांनी शोधली, त्यांच्यावर लिहिलं, आणि कात्रीने तुकडे करून वेगवेगळ्या संग्रहालयांना विकले. लोक त्यांना ‘कात्रीवाला बॉक’ म्हणत. परिणाम असा की एकाच वस्त्राचा एक तुकडा लंडनमध्ये, दुसरा व्हिएन्नात, तिसरा बर्लिनमध्ये आहे.

आपल्याला हे पाप वाटतं, आणि आहेच. पण त्या काळी ते पाप वाटलं नाही, कारण संग्रहालयाला हवा होता नमुना. नक्षीची एक पूर्ण आवृत्ती तुकड्यात आली, ताण्या-बाण्याची वीण दिसली, की नमुना पुरा झाला. अंगरखा कोणाचा, तो कसा बेतला होता, काखेत कुठे झिजला होता, हे नमुन्याच्या व्याख्येत बसतच नव्हतं. भारतीय कापडाचंही असंच झालं. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच केले. ब्रिटिश गिरण्यांना हिंदुस्थानच्या बाजारात काय खपेल हे कळावं म्हणून. २० संच म्हणजे प्रत्येक कापडाचे २० तुकडे. पागोटी आणि साड्यांचीही यातून सुटका झाली नाही. आज हे खंड म्हणजे त्या काळच्या विणकामाचा अमूल्य पुरावा आहेत, आणि त्याच वेळी कापड कसं नेसलं जात होतं याचा पुरावा नष्ट केल्याचीही खूण आहेत. संग्रहालयात कापडाचा तुकडा दिसला की त्याची कड बघा. उसवलेली, विरलेली कड काळाने केलेली असते. सरळ रेषेतली स्वच्छ कड कात्रीची असते.

बघायचं कसं, याचं सगळ्यात उपयोगी उत्तर हेच आहे: जी बाजू दाखवण्यासाठी नाही, ती बघा. बूड, पाठ, आतली बाजू, कड.

एका खुर्चीचं उदाहरण घेतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक डिझाइन संग्रहात आहे. मिखाएल टोनेट यांची १४ क्रमांकाची खुर्ची, १८५९ सालची. समोरून पाहिली तर वाकवलेल्या दांड्यांची साधी कॅफेतली खुर्ची. जवळ जा आणि पाठीची कमान बघा. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान ही एकच अखंड दांडी आहे, कुठेही जोड नाही. बीचचं लाकूड वाफेवर मऊ केलं तरी वाकवताना त्याच्या बाहेरच्या अंगाला चिरा जातात, कारण लाकूड दाबलं जाणं सोसतं, ताणलं जाणं फारसं सोसत नाही. टोनेट यांनी दांडीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बांधली. ताण पट्टीने घेतला, लाकूड फक्त दाबलं गेलं, आणि मग ते लोखंडी साच्यात तसंच वाळवलं. आता बैठकीच्या कडेखाली वाकून पाहा: स्क्रूंची डोकी दिसतील. संपूर्ण खुर्ची सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी आहे. सुटी केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जहाजाने कुठेही जात. त्याच कडेच्या आतल्या बाजूला छाप किंवा कागदी चिठ्ठी असते. टोनेट यांचा एकाधिकार १८६९ मध्ये संपल्यावर इतर कारखान्यांनी हीच खुर्ची काढली, त्यामुळे छाप पाहिल्याशिवाय ती कोणाची हे डोळ्यांनी ठरवणं अवघड. व्हिएन्नाच्या संग्रहालयात या खुर्च्यांची रांग पांढऱ्या पडद्यामागे ठेवून नुसत्या सावल्या दाखवण्याची मांडणी कलावंत बार्बरा ब्लूम यांनी केली होती. आकाराचा विचार करायला ती उत्तमच, पण माझ्यासारख्याला तिथे पडद्याच्या मागे जावंसं वाटतं.

जुन्या लाकडी सामानाच्या बाबतीत तर खालची बाजूच जास्त खरं बोलते. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने आकसतं, धाग्याच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी गोल केलेला टेबलाचा पाट आज मोजला तर किंचित लंबगोल भरतो. तंतोतंत गोल भरला तर शंका घ्यावी. हाताने चालवलेल्या करवतीच्या खुणा सरळ आणि कमीजास्त अंतरावर असतात. चक्राकार करवतीच्या खुणा कमानी असतात, आणि ती करवत सुतारकामात रुळली ती एकोणिसाव्या शतकात. स्क्रूचं टोक अणकुचीदार असेल तर तो साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. नुसत्या नक्षीवरून काळ ठरवणारे लोक फसतात, कारण नक्षीची नक्कल करणं सगळ्यात सोपं. ड्रॉवरच्या तळाची नक्कल करायला सहसा कुणी वेळ घालवत नाही.

चांदीवर ठसे असतात आणि ते वाचायला कुणीही शिकू शकतं. लंडनच्या चांदीवर चालणारा सिंह म्हणजे शुद्धता ९२.५ टक्के, बिबळ्याचं डोकं म्हणजे लंडनची तपासणी, एक अक्षर म्हणजे वर्ष. पण ठशांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लहान वस्तूवरचा खरा ठसा कापून मोठ्या भांड्यात झाळून बसवण्याची लबाडी अठराव्या शतकातच सुरू झाली होती. ठशाभोवती श्वास सोडला की चांदीवर वाफ धरते आणि झाळीची रेघ क्षणभर वेगळी दिसते.

विसाव्या शतकातल्या वस्तूंनाही हेच लागू पडतं. व्हर्नर पँटन यांची एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची १९६७ पासून बनते आहे आणि समोरून तिची सगळी रूपं सारखीच दिसतात. पहिली काचतंतूंनी मजबूत केलेल्या पॉलिएस्टरची, नंतरची कडक पॉलियुरेथेन फोमची, १९७१ पासूनची साच्यात दाबून ओतलेल्या थर्मोप्लॅस्टिकची, आणि १९९९ पासूनची पॉलिप्रॉपिलीनची. थर्मोप्लॅस्टिकच्या खुर्चीत बैठकीखालच्या वळणावर मजबुतीसाठी फासळ्या आहेत. हात घातला की कळतं. ते प्लॅस्टिक काळाच्या ओघात कमकुवत होऊन मोडू लागलं म्हणून १९७९ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं होतं. म्हणजे एका नावाच्या चार खुर्च्या ठेवणं ही संग्रहालयाची हौस नाही. त्या चार वेगळ्या वस्तू आहेत.

बहुतेक प्रेक्षकांना एक विभाग कधी दिसतच नाही: आरेखनं, कारखान्यांच्या नमुनावह्या, किमतीची पत्रकं, कात्रणं. मला विचाराल तर संग्रहाचा कणा तोच. याची ताकद दाखवणारी एक खरी घटना सांगतो, आणि ती पुन्हा आखेन शहरातलीच आहे. तिथे राइनहोल्ड फास्टर्स नावाचे सोनार होते. कॅथीड्रलच्या मौल्यवान वस्तूंची दुरुस्ती करत. १९०९ मध्ये ते वारले. त्यांच्या हजाराहून जास्त आरेखनांचा गठ्ठा १९१९ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आला आणि दशकानुदशकं शांतपणे पडून राहिला. १९७०च्या दशकाच्या शेवटी या विषयाचे जाणकार चार्ल्स ट्रूमन यांनी ती आरेखनं पुन्हा उघडली, तेव्हा लक्षात आलं की जगभरच्या संग्रहालयांत सोळाव्या शतकातले म्हणून मिरवणारे कित्येक दागिने आणि पेले या कागदांवर आहेत. तेही नुसतं पाहून काढलेल्या चित्रांसारखे नव्हे, तर बनवण्याआधी कारागिरासाठी काढतात तसे: भाग सुटे-सुटे, मिन्याचे रंग भरलेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला रोस्पिग्लिओसी पेला एकेकाळी थेट सोळाव्या शतकातल्या प्रसिद्ध इटालियन सोनाराचा, बेन्वेनुतो चेलिनीचा मानला जात होता. शिंपल्याच्या आकाराचा सोन्याचा पेला, खाली कासव, वर स्फिंक्स. तो फास्टर्स यांच्या हातचा निघाला. सगळे डोळे फसले होते, आणि ज्या कागदांना कुणी दालनात जागा दिली नव्हती त्यांनी सत्य सांगितलं. मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी म्हणतो, वस्तू घेताना तिच्या मागची कागदपत्रं आधी मागा. कारखाना बंद होतो तेव्हा खुर्च्या लिलावात जातात आणि आरेखनं रद्दीत. व्हिएन्नाच्या संग्रहालयाकडे वीनर वेर्कश्टेट या १९०३ ते १९३२ या काळात चाललेल्या कार्यशाळेचा संपूर्ण दफ्तरखाना आहे, म्हणून त्या कार्यशाळेबद्दल आपण खात्रीने बोलू शकतो.

आता काळोखाबद्दल. ‘इतकं अंधुक का ठेवता?’ ही प्रेक्षकांची कायमची तक्रार असते. प्रकाशाने रंगाचं होणारं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. रंगीत कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा सर्वत्र पाळतात. माती, काच, धातू यांना ती लागत नाही. म्हणून एकाच मजल्यावर एक दालन लख्ख आणि शेजारचं मिणमिणतं असतं. अर्दबीलचा गालिचा याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. इराणमधला, त्याच्यावर विणलेल्या तारखेनुसार १५३९-४० सालचा, साधारण साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटर रुंद, रेशमाच्या ताण्याबाण्यावर लोकरीच्या कोट्यवधी गाठी. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस यांनी शिफारस केली आणि १८९३ मध्ये तो आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी २,००० पौंडांना विकत घेतला गेला. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला होता. २००६ पासून तो जमिनीवर आडवा, भल्यामोठ्या काचेखाली आहे आणि दिवे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं पूर्ण उजळतात. त्या दहा मिनिटांत मधल्या पदकाच्या दोन टोकांना लोंबणारे दिवे बघा, एक लहान आणि एक मोठा आहे. पण आपण जे अखंड समजून बघतो तेही पूर्ण खरं नाही. अशाच दुसऱ्या गालिच्याचे भाग वापरून याची दुरुस्ती केलेली आहे. तो दुसरा गालिचा आज लॉस अँजेलिसमध्ये आहे, आणि त्याची किनार गेलेली आहे. नमुना पुरा दिसला पाहिजे हाच हट्ट इथेही.

साठवणीत साहित्यानुसार विभागणी आणखी एका कारणाने टिकून आहे, आणि ते कारण रसायनाचं आहे. काही वस्तू शेजाऱ्यांना मारतात. लोकरीचं फेल्ट आणि रबर यांतून निघणाऱ्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते. सेल्युलॉइड, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, ही सर्वांत घातक. १८७०नंतर हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या जागी ते आलं आणि कंगवे, ब्रशच्या मुठी, चाकूंच्या मुठी त्याच्या झाल्या. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग आत चौकोनी जाळीसारख्या बारीक चिरा उमटतात, पृष्ठभाग ओलसर होतो, आणि त्यातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी बाजूची पितळी कडी हिरवी पडते, खोक्यातला कागद पिवळा होऊन चुरतो. अशी वस्तू थंड, हवा खेळती असलेल्या वेगळ्या जागी ठेवावी लागते. ती पूर्ववत करता येत नाही, फक्त नाश लांबवता येतो. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक वेगळ्या तऱ्हेने जातं: त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं आणि वस्तू चिकट होते. १९६७ ची हवा भरायची पारदर्शक ‘ब्लो’ खुर्ची याच कारणाने जपायला कठीण. फोम तर चुरा होऊन खालीच पडतो. चारशे वर्षांपूर्वीचा मातीचा घडा निवांत बसलेला असतो आणि जतन करणाऱ्यांची झोप पन्नास वर्षांपूर्वीच्या प्लॅस्टिकने उडवलेली असते. आणि वस्तू मिश्र साहित्याची असेल, म्हणजे सेल्युलॉइडच्या फण्यावर चांदीची नक्षी असेल, तर तिची जागा कुठे? यावर होणाऱ्या चर्चा नवख्याला क्षुल्लक वाटतील, पण चुकीच्या कपाटात गेलेली एक वस्तू आख्खा ड्रॉवर खराब करते.

साहित्यानुसार मांडणीला पर्याय म्हणजे खोलीच उभी करणं. हॅम्बर्गच्या संग्रहालयाचे संचालक युस्टुस ब्रिंकमान यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातून नव्या शैलीच्या वस्तू मोठ्या प्रमाणात घेतल्या आणि खोलीसारख्या एकत्र मांडल्या. पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयात फॅशन डिझायनर जान लान्व्हँ यांचं निळं शयनगृह आणि न्हाणीघर जसंच्या तसं बघायला मिळतं. मला श्रीमंतांच्या खोल्यांपेक्षा फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर जास्त मोलाचं वाटतं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी कामगारवस्तीच्या घरांसाठी ते आखलं आणि सुमारे १० हजार घरांत ते बसवलं गेलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटर. ओतायच्या तोंडाचे अॅल्युमिनियमचे डबे, प्रत्येकावर जिन्नसाचं नाव. पिठाचे खण ओकचे, कारण किडीला ते लाकूड नको असतं. कापायची फळी बीचची. लाकूड निळसर-हिरव्या रंगाचं, माशा त्या रंगावर बसत नाहीत या समजुतीने. हे साहित्यानुसार वाटून टाकलं असतं तर डबे धातूविभागात आणि खण लाकूडविभागात गेले असते, आणि बाईची पावलं वाचवायचा सगळा हिशेबच नाहीसा झाला असता. तेव्हा माझं मत असं: घडण शिकायची तर साहित्यानुसार मांडणी, वापर समजायचा तर खोली. चांगल्या संग्रहाला दोन्ही लागतात, आणि नोंदीत वस्तू कुठून, कोणत्या खोलीतून काढली हे लिहिलेलं नसेल तर खोली पुन्हा कधीच उभी करता येत नाही.

वर नावांचा विषय सोडला होता. या संग्रहांत दागिन्याच्या पाटीवर मालकाचं नाव असतं, देणगीदाराचं असतं, संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकाचंही असतं. बनवणाऱ्याचं फार क्वचित. युरोपबाहेरच्या वस्तूंच्या पाट्यांवर तर फक्त प्रदेश आणि शतक. ही उणीव त्या काळच्या नमुना-बुद्धीतूनच आली. नमुन्याला पत्ता लागतो, माणूस लागत नाही. आज अनेक संग्रहालयं जुन्या नोंदवह्या, प्रदर्शनांच्या याद्या, बिलं तपासून गाव, जात-व्यवसाय, कधी-कधी नावही शोधत आहेत. हे काम कंटाळवाणं आणि संथ आहे, तरी नवीन खरेदीइतकंच ते गरजेचं आहे असं मी मानतो.

रेडिओ आणि त्यापुढच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने बॉल बेअरिंग आणि स्प्रिंगा सौंदर्यवस्तू म्हणून मांडल्या, तेव्हापासून कारखान्याच्या मालाला दालनात यायला संकोच उरला नाही. त्याच संस्थेने २०१० मध्ये ई-मेलच्या पत्त्यातलं ‘अॅट’ हे चिन्ह संग्रहात घेतल्याचं जाहीर केलं. मला ते पटलेलं नाही. जे सगळ्यांचं आहे आणि ज्याला जपायची जबाबदारी येत नाही, ते घेतल्याने संग्रहात भर काय पडली? त्याउलट व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २०१४ पासून घडामोडींशी जोडलेल्या वस्तू ताबडतोब घ्यायचं जे धोरण चालवलं, ते मला मनापासून आवडतं. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली. तिथल्या शिलाईखान्यांतून कपडे घेणाऱ्या एका स्वस्त ब्रँडची पँट संग्रहालयाने घेतली. ती दिसायला कुठल्याही दुकानातली. पण तिची शिवण, तिची चिठ्ठी, तिची किंमत हे सगळं पुरावा आहे. शंभर वर्षांनी कुणी विचारेल की हे कपडे कसे आणि कोणाच्या जिवावर बनत होते, तेव्हा हातात धरायला वस्तू असेल.

राहिला तुमचा शेवटचा भाग, सामान्य माणसाने काय करावं. एका भेटीत सगळं बघू नका. एक साहित्य निवडा. त्यातली एकाच कामाची दोन उदाहरणं शोधा, एक हाताने केलेलं आणि एक यंत्राने, आणि त्यांच्या कडा, बुडं, सांधे यांची तुलना करा. पाटीवर फक्त शैलीचं नाव वाचून पुढे सरकू नका. साहित्य आणि तंत्र ही ओळ सहसा सगळ्यात लहान अक्षरांत असते, ती आधी वाचा. बऱ्याच संग्रहालयांत अभ्यासकक्ष असतो आणि तिथे वेळ मागून घ्यायला तुम्ही संशोधक असण्याची अट नसते. लंडनमध्ये मे २०२५ मध्ये उघडलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या ईस्ट स्टोअरहाउसमध्ये तर आधी नोंदणी करून कुणालाही पाच वस्तूंपर्यंत टेबलावर मागवता येतात. तिथे जाता येत नसेल तर मोठ्या संग्रहालयांचे कॅटलॉग इंटरनेटवर फुकट आहेत. शोधताना वस्तूचं नाव टाकण्याऐवजी तंत्राचं नाव टाका: ठोकून काढलेलं, साच्यात ओतलेलं, वाफेवर वाकवलेलं. निकालात पुढची आणि मागची अशी दोन्ही छायाचित्रं असलेल्या वस्तू बाजूला काढा. मागचं छायाचित्र नसेल आणि तुम्हाला खरंच हवं असेल तर संग्रहालयाला नोंद क्रमांकासह पत्र लिहा, तुम्हाला नेमकं काय तपासायचं आहे ते एका ओळीत सांगा. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला या क्षेत्रातली माणसं सहसा उत्तर देतात.